प्राण कोठें असतो?

मराठी भाषेंत श्वास आणि प्राण हे दोन शब्द इतके एकमेकांजवळ राहत आले आहेत कीं, त्यांच्यामध्यें भिंत घालण्याची आवश्यकता नित्याच्या व्यवहारांत कोणास भासली नाहीं. मनुष्य मेला म्हणजे त्यानें प्राण सोडला, किंवा अखेरचा श्वास घेतला, असें आपण सारख्याच सहजतेनें म्हणतों. संकटांत प्राण कंठाशीं येतात. तें टळलें म्हणजे जिवांत जीव येतो. मरणासन्न माणसाच्या नाकाशीं सूत धरून तें हालतें कीं नाहीं हें पाहण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सूत स्थिर राहिलें कीं घरांतील वडीलधारें माणूस मान खालीं घाली, आणि मग कोणास कांहीं विचारावयाचें उरत नसे. छांदोग्य उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची एक कथा आहे. वाणी, डोळे, कान, मन हीं एकामागून एक वर्षभर शरीर सोडून गेलीं, तरी शरीर कसेंबसें जगलें. परंतु प्राण निघूं लागतांच सर्वांची धडगत उरली नाहीं, आणि सर्वांनीं त्याचें श्रेष्ठत्व मान्य केलें. आपल्या समाजाची मृत्यूविषयींची समजूत अशा कथांनीं आणि अशा सुतानें घडविलेली आहे.

ही समजूत हजारों वर्षें पुरली. आज ती पुरत नाहीं. शहरांतील मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत असा प्रसंग येतो कीं, डोक्यास जबर मार लागलेला घरचा तरुण पलंगावर निजलेला असतो. त्याची छाती ठरल्या तालानें वरखालीं होत असते. हात हातांत घेतला तर ऊब लागते. नाडी चालत असते. आणि डॉक्टर येऊन सांगतात कीं, हा आतां जिवंत नाहीं. पाठोपाठ, त्याचे अवयव दुसऱ्यास देण्यास आपली संमति आहे काय, असेंही विचारलें जातें. आईबाप गोंधळून जातात, आणि त्यांनीं गोंधळावें हें स्वाभाविकच आहे. श्वास आहे तोंवर प्राण आहे, हें त्यांना भाषेनेंच शिकविलेलें असतें. मग हा श्वास कोणाचा? आणि तो चालू असतां 'होय' म्हणणें म्हणजे आपल्याच माणसाचा जीव घेणें नव्हे काय? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाहीं आणि केवळ भावनेचाही नाहीं. श्वास शरीरांत नेमकें कोणतें काम करतो व तें कोठें करतो, हें समजल्यावांचून त्याचें प्रामाणिक उत्तर देतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून आधीं त्या कामाची हकीकत पाहूं आणि मग कर्तव्याकडे वळूं.

श्वसन हें एक प्रकारचें ज्वलन आहे, हें मोजमाप करून दाखविण्याचा मान फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा आहे. १७८३ च्या सुमारास त्यांनीं गणिती लाप्लास यांच्या साह्यानें एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतो तें मोजलें. तो प्राणी तितक्या वेळांत किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो हेंही त्यांनीं पाहिलें, आणि तितकाच वायु निर्माण होईल इतका कोळसा जाळला असतां किती बर्फ वितळेल याच्याशीं त्याची तुलना केली. दोन आंकडे तंतोतंत जुळले नाहींत. परंतु इतके जवळ आले कीं, जिवंत प्राण्याची ऊब आणि शेगडीची ऊब एकाच जातीच्या आहेत, याविषयीं त्यांना शंका उरली नाहीं. मेणबत्ती प्राणवायु घेते, आपणही घेतों. ती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकते, आपणही टाकतों. पुढें फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत, ८ मे १७९४ रोजीं, या थोर संशोधकाचा गिलोटिनखालीं अंत झाला.

परंतु ही शेगडी शरीरांत कोठें आहे? ती फुप्फुसांत असावी, अशी लाव्हाझिए यांची समजूत होती. त्यांच्याच काळांतील गणिती लाग्रांज यांनीं शंका काढली कीं, सर्व शरीराची उष्णता जर एकट्या फुप्फुसांत निर्माण होत असती, तर तीं केव्हांच होरपळून गेलीं असतीं. मग शेगडी रक्तांत असावी, असें कांहीं काळ मानलें गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील बॉन येथें फ्ल्यूगर यांच्या प्रयोगशाळेंत बेडकांच्या अंगांतील रक्त काढून त्याच्या जागीं मिठाचें पाणी भरण्यांत आलें. तरीही ते बेडूक प्राणवायु घेत आणि कार्बन डायऑक्साइड सोडीत राहिले. तेव्हां खरा श्वास घेणारें फुप्फुस नव्हे आणि रक्तही नव्हे. तो घेते शरीरांतील प्रत्येक पेशी. नाक आणि फुप्फुसें ही गांवची वेस, रक्त ही वाहतूक. चूल मात्र प्रत्येक घरांत वेगळी. माणसाच्या शरीरांत अशीं घरें कित्येक लक्ष कोटि आहेत.

या चुलीची रीत पाहण्यासारखी आहे. चमचाभर साखर निखाऱ्यावर टाकली तर ती भडकन् जळून जाते आणि तिची सारी शक्ति उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जाते. पेशी तीच साखर तितकीच पूर्णपणें जाळते; शेवटीं उरतें तेंही तेंच. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारें ६८६ किलोकॅलरी शक्ति सुटावयाची, ती दोन्ही रीतींनीं तितकीच सुटते. भेद आहे तो ती सोडण्याच्या पद्धतींत. बांध फुटून आलेलें पाणी शिवार खरडून नेतें. तेंच पाणी पाटानें, दारें धरून सोडलें तर शेवटच्या वाफ्यालाही पोंचतें. पेशी साखरेचे प्रथम दोन तुकडे करते. या पहिल्या टप्प्यास प्राणवायूची गरज लागत नाहीं, आणि त्यांतून मिळणारी शक्तीही थोडीच असते. पुढें ते तुकडे पेशींतील अतिसूक्ष्म कणिकांत शिरतात. या कणिकांस मायटोकॉन्ड्रिया असें नांव आहे. तेथें त्यांतील कर्ब टप्प्याटप्प्यानें सुटा होऊन वायुरूपानें बाहेर पडतो आणि हायड्रोजनचे विद्युत्कण पुढच्या कामासाठीं काढून घेतले जातात. या चक्राकार क्रियेचा उलगडा हान्स क्रेब्स यांनीं १९३७ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें केला. नाझी राजवटीमुळें जर्मनी सोडावी लागून ते तेथें आले होते, आणि कबुतराच्या छातीचे स्नायु हें त्यांच्या प्रयोगांचें साहित्य होतें. 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाकडे त्यांनीं धाडलेला लेख, तूर्त जागा नाहीं, या कारणानें परत आला. १९५३ सालीं त्याच कार्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

काढून घेतलेले विद्युत्कण मायटोकॉन्ड्रियाच्या आंतल्या पडद्यांत एका वाहकाकडून दुसऱ्याकडे पायरीपायरीनें उतरतात आणि अखेरच्या पायरीवर प्राणवायूच्या स्वाधीन होतात. ज्यासाठीं आपण जन्मभर छाती हालवीत असतों तें प्राणवायूचें काम बहुतांशीं एवढेंच: रांगेच्या शेवटीं उभें राहून उतरून आलेले विद्युत्कण उचलून घेणें आणि त्यांचें पाणी करणें. तो तेथें नसला तर मागची सारी रांग तुंबते. विद्युत्कण उतरतांना जी शक्ति सुटते तिच्या योगानें प्रोटॉन नांवाचे धनभारित कण पडद्याच्या एका बाजूस लोटले जातात. पडदा हा जणूं बांध आणि प्रोटॉन हें त्यामागें सांठलेलें पाणी. हे कण परत येतांना एका सूक्ष्म चक्रांतून येतात, आणि तें चक्र खरोखरीच फिरतें. १९९७ सालीं जपानी संशोधकांनीं त्यास एक चकाकणारा तंतु जोडून तें फिरतांना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. ही बांधाची कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं मांडली तेव्हां जाणत्यांपैकीं फारच थोड्यांनीं ती मनावर घेतली. त्यांनीं कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्यांत आपली लहानशी प्रयोगशाळा थाटून काम चालू ठेविलें, आणि १९७८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

या चक्रावर जें नाणें पाडलें जातें त्याचें नांव ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट. संक्षेपानें त्यास एटीपी म्हणतात. १९२९ सालीं तें जर्मनींत लोमान यांनीं आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्के व येल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. सुब्बाराव हे आंध्र प्रांतांतील भीमावरमचे. १९४८ सालीं ते परदेशांतच वारले, आणि आपल्याकडे त्यांचें नांव जितकें घरोघर असावयास हवें होतें तितकें झालें नाहीं. स्नायु आखडणें, मज्जातंतूंतून संदेश जाणें, नवें प्रथिन घडणें, या सर्वांचें मोल याच नाण्यांत चुकतें होतें. ग्लुकोजच्या एका रेणूमागें अशीं सुमारें ३० ते ३२ नाणीं पडतात. बाकीची शक्ति ऊब होऊन जाते, आणि आजाऱ्याच्या हाताला हात लावतांना आपणांस लागते ती ऊब हीच. कोणत्याही क्षणीं साऱ्या शरीरांत हें द्रव्य अडीचशें ग्रॅमांहून अधिक नसतें. तरी दिवसभरांत त्याची जी उलाढाल होते ती शरीराच्या वजनाच्या तोडीची असते. म्हणजे तेंच नाणें दिवसांतून शेंकडों वेळां मोडतें आणि पुन्हां पाडलें जातें. येथें सांठवून ठेवण्यास वाव नाहीं. शरीराच्या वजनांत मेंदूचा वांटा सुमारें दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या खर्चांत तो सुमारें वीस टक्के. म्हणून प्राणवायु मिळेनासा झाला कीं चारपांच मिनिटांतच मेंदूची कायमची हानि होऊं लागते.

एवढी हकीकत ध्यानांत घेतली म्हणजे श्वास आणि प्राण यांच्यामधील अंतर दिसूं लागतें. सायनाइडची विषबाधा झालेल्या माणसाचें उदाहरण घ्या. त्याचीं फुप्फुसें हवेनें भरलेलीं असतात. रक्तांत प्राणवायु इतका असतो कीं, नीलांतील रक्तही लालभडक दिसतें. परंतु विषानें रांगेची शेवटची पायरीच अडविलेली असते, आणि पेशी भरल्या ताटापुढें उपाशी मरतात. उलट, ताडीच्या मडक्यांतील किण्व प्राणवायूवांचून साखर अर्धवट फोडून आपला निर्वाह करतें, आणि जीव घेऊन धांवणाऱ्या माणसाचे स्नायुही थोडा वेळ तसेंच करतात. सारांश, हवा आंत येणें म्हणजे जगणें नव्हे, आणि ती न येणें म्हणजे तत्काळ मरणेंही नव्हे. छातीचा श्वास हें साधन आहे. तो ज्यासाठीं आहे तें काम आंत, डोळ्यांआड, चाललेलें असतें.

येथें कोणी विचारील कीं, प्राणाची अशी चिरफाड केल्यावर त्याचें पावित्र्य तें काय राहिलें? हा आक्षेप युरोपांतही निघाला होता. साखरेचें मद्य होणें ही क्रिया जिवंत पेशीवांचून घडत नाहीं, असें पाश्चर यांच्यासारख्या महापुरुषाचें मत होतें. आणि पेशींत कांहीं विशेष जीवनशक्ति वसते, या मतास त्यामुळें बळ येत असे. १८९७ सालीं एडुआर्ड बुख्नर यांनीं किण्वाच्या पेशी वाळूबरोबर खलून व दाबून त्यांचा रस काढला. त्या रसांत एकही जिवंत पेशी नव्हती. तरी त्यांत साखर घालतांच ती आंबूं लागली. जीवनशक्ति म्हणून जें कांहीं वेगळें मानलें जात होतें त्याचा एक मोठा आधार त्या दिवशीं गेला. आम्हांस यांत शोक करण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. गेलें तें गूढ, थोरवी नव्हे. शिवाय गूढाबरोबर दुसरेंही कांहीं गेलें. राजाच्या पेशींत आणि त्याचा रस्ता झाडणाऱ्याच्या पेशींत, सोंवळ्यांत बसणाऱ्याच्या आणि ज्याच्या सावलीचाही एके काळीं विटाळ मानला त्याच्या, एवढेंच काय, अंगणांतील आंब्याच्या पानांत देखील, तेंच नाणें त्याच चक्रावर पाडलें जातें. प्राणाच्या शुद्धाशुद्धतेवर उभारलेल्या कोणत्याही उच्चनीचतेस यापुढें शरीरशास्त्राचा आधार उरला नाहीं. ज्या ज्ञानानें हें घडविलें त्यानें पावित्र्य घालविलें असें म्हणण्यापेक्षां तें सर्वांना सारखें वांटून दिलें, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आमच्या मतें 'प्राण' या एका शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टी बांधून ठेविल्या आहेत. पहिली, छातीचा भाता. दुसरी, पेशींतील ज्वलन. तिसरी, तो मनुष्य स्वतः: ज्यास नांव आहे, जो हांकेस ओ देतो, ज्यास दुःख होतें, जो वचन देतो आणि पाळतो किंवा मोडतो. भाता थांबला कीं मेंदूची चूल कांहीं मिनिटांत विझे; मेंदू गेला कीं मनुष्य जाई; आणि शरीराच्या इतर पेशी थोड्या अवधीनें पाठोपाठ जात. तिन्ही गोष्टी एकाच घटकेच्या अंतरांत संपत, म्हणून तिघींना एक शब्द पुरला. त्यांची ताटातूट निसर्गानें केली नाहीं. ती मनुष्याच्या करुणेनें केली.

१९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडून रोगी गुदमरूं लागले, तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनीं श्वासनलिकेंत नळी बसवून हातानें पिशवी दाबून हवा भरण्याची युक्ति योजिली, आणि शेंकडों वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले. पुष्कळ जीव त्यामुळें वांचले. भाता दुसऱ्याच्या हातीं गेला, तरी पलंगावरचें मूल तेंच मूल राहिलें. तें डोळ्यांनीं पाही, ऐके आणि भीई. म्हणजे पहिल्या अर्थाचा प्राण उसना घेतां येतो, आणि तो उसना असल्यानें माणसाच्या माणूसपणांत कांहीं उणें येत नाहीं, हें त्या वेळीं सिद्ध झालें. पुढें हातांची जागा यंत्रांनीं घेतली, आणि त्यांनींच दुसरीही एक अवस्था दृष्टीस आणली. मेंदू सर्वस्वीं व कायमचा नष्ट झालेला, पण यंत्राच्या जोरावर बाकीचें शरीर चाललेलें, अशा रोग्यांचें वर्णन १९५९ सालीं मोलारे व गुलों या फ्रेंच डॉक्टरांनीं केलें. या अवस्थेस मृत्यु मानावें, अशी सूचना १९६८ सालीं हार्वर्ड येथील समितीनें केली. भारतांत १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानें मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस मृत्यु म्हणून मान्यता दिली. हा कायदा प्रथम ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा हीं होतीं.

कायद्यानें म्हटलें म्हणून मन मानीत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून त्या निर्णयामागील परीक्षा कशी असते तें सांगतों. मेंदूच्या बुडाशीं, मानेच्या वर, मस्तिष्कस्तंभ नांवाचा भाग असतो. श्वासाचा ताल तेथून धरला जातो. तो ताल वाढविणारी मुख्य सूचना प्राणवायूच्या उणिवेची नसते. ती रक्तांत सांचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे पेशींच्या चुलींतून निघणाऱ्या धुराची असते. पाण्यांत बुडी मारून राहणाऱ्यास वर येण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं, तें मुख्यतः या सूचनेमुळें. मृत्यूचा निर्णय करतांना इतर परीक्षा झाल्यावर डॉक्टर यंत्र कांहीं मिनिटें बाजूस करतात, नळीवाटे प्राणवायु सोडीत ठेवितात, आणि छातीकडे पाहत राहतात. पेशी जळतच असतात. त्यांचा धूर रक्तांत वाढत जातो. ज्या मर्यादेवर मस्तिष्कस्तंभानें छाती हालविलीच पाहिजे ती मर्यादा ओलांडली जाते. आणि तरी छाती हालत नाहीं. या परीक्षा निदान सहा तासांच्या अंतरानें पुन्हां केल्या जातात, आणि चार डॉक्टरांचें मंडळ सह्या करतें. प्राणाच्या प्रश्नाचें याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. दुसऱ्या अर्थाचा प्राण येथें शिल्लक असतो. तोच हांक मारीत असतो. ती हांक ऐकणारा मात्र राहिलेला नसतो.

तेव्हां त्या आईबापांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे कीं, अशा वेळीं 'होय' म्हणणें हें जीव घेणें नव्हे. नाडी चालते, कारण हृदयाचा ठोका हृदयांतच उत्पन्न होतो. प्राणवायु मिळत राहिला तर तो मेंदूच्या आज्ञेवांचूनही कांहीं काळ चालतो. हात ऊन लागतो, कारण हाताच्या पेशी अद्याप साखर जाळीत आहेत. हीं दोन्ही चिन्हें खरीं आहेत, पण तीं दुसऱ्या प्राणाचीं आहेत, तिसऱ्याचीं नव्हेत. मूत्रपिंड शरीराबाहेर काढून थंड ठेवलें तर त्याच्या पेशींचा खर्च इतका उतरतो कीं, तें सुमारें एक दिवसपर्यंत उपयोगी पडूं शकतें. हृदयास मात्र चारसहा तासांचीच सवलत असते. मग दुसऱ्या माणसाचें रक्त त्यांतून वाहूं लागतें आणि त्या चुली पुन्हां भरपूर पेटतात. घेणाऱ्याचें शरीर परक्या पेशी ओळखतें व त्यांना विरोधही करतें, त्यासाठीं त्यास जन्मभर औषधें घ्यावीं लागतात. परंतु चुलींतील विस्तवास नांव नसतें. आईनें दिला तो आपला मुलगा नव्हे. तो आधींच गेलेला असतो. तिनें दिला तो त्याच्यामागें राहिलेला विस्तव, आणि तोही अशा क्षणीं, जेव्हां न देतां तो तासाभरांत किंवा दिवसभरांत विझणारच होता.

हें उत्तर देतांना त्याच्या दोन्ही बाजूंच्या मर्यादा सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. तिसरा प्राण महत्त्वाचा असें म्हटल्यावर कोणी याचा अर्थ असा करील कीं, ज्यास बोलतां येत नाहीं, ओळखतां येत नाहीं, तो मेल्यासारखाच आहे. हा अर्थ आम्हांस सर्वथा अमान्य आहे. मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या क्रूर हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षें अंथरुणास खिळून होत्या. त्यांचा मस्तिष्कस्तंभ जिवंत होता; त्यांची हांक ऐकणारें आंत कांहींतरी होतें आणि त्या स्वतःचा श्वास स्वतः घेत होत्या. २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांस जिवंतच मानलें, आणि २०१५ सालीं न्यूमोनियानें मृत्यु येईपर्यंत रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यांची शुश्रूषा केली. ज्ञानानें ओढलेली रेषा या दोन अवस्थांच्या मधोमध जाते. ती पुसट करणारा मनुष्य, मग तो मृतास जिवंत म्हणणारा असो कीं जिवंतास मृत म्हणणारा असो, सारखीच चूक करतो. मात्र दुसरी चूक अधिक भयंकर आहे.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. अवयवांची गरज पडली म्हणून मृत्यूची व्याख्या बदलली, असें पुष्कळांस वाटतें, आणि पहिलें हृदयरोपण डिसेंबर १९६७ मधील व हार्वर्डची समिति १९६८ मधील हें पाहिलें म्हणजे हा संशय सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु फ्रेंच डॉक्टरांचें वर्णन त्याहून आठनऊ वर्षें आधींचें आहे, हेंही विसरतां कामा नये. अवस्था आधीं दिसली, उपयोग मागाहून सुचला. तरीही उपयोगाचा मोह निर्णयावर पडूं नये, यासाठीं निर्णय करणारे आणि अवयव बसविणारे डॉक्टर वेगळे ठेवण्यांत येतात. समाजानें या भिंतीवर सतत नजर ठेविली पाहिजे. ज्या दिवशीं ती ढांसळेल त्या दिवशीं आमचें वरील उत्तरही ढांसळेल.

आणि ज्या आईच्या तोंडून 'होय' हा शब्द निघत नाहीं, तिला दोष देण्याचा अधिकार आम्ही कोणासही देत नाहीं. पेशींची हकीकत रुग्णालयाच्या दारांत, रडूं आवरीत, पहिल्यानेंच ऐकावी लागणें हा तिच्यावर अन्याय आहे. तो टाळणें आपल्या हातीं आहे. आपल्या घरांतून मृत्यूविषयीं बोलणें अशुभ मानतात. मुलांस श्वसनाचा धडा पाठ करावयास लावतात, पण त्या धड्याचा आपल्या माणसांशीं कांहीं संबंध आहे असें त्यांना कोणी सांगत नाहीं. हें बोलणें सर्वजण धडधाकट असतां, जेवणें आटोपल्यावर निवांतपणें झालें पाहिजे, आणि प्रत्येकाची इच्छा इतरांस ठाऊक असली पाहिजे. नाकाशीं सूत धरणारे आपले पूर्वज भोळे नव्हते. त्यांच्यापाशीं जें साधन होतें त्यानें त्यांनीं शक्य तितक्या सावधपणें पाहिलें, आणि खात्री झाल्यावांचून कोणास मृत म्हटलें नाहीं. आपल्यापाशीं त्यांच्याहून अधिक ज्ञान आहे. म्हणून पाहण्याची आणि पाहिल्याप्रमाणें वागण्याची आपली जबाबदारीही त्यांच्याहून अधिक आहे.